कॉर्नरच्या वेळचा चहा

"...आणि भीती काढायची कशी, बाई? तेवढं सांगा. बाकी माझं मी बघते."

बाई बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाची भीती?"

"बावीस नंबरची."

"नाव नाही तिला?"

"सुहाना. सुहाना मुजावर. काल तुम्ही बघितलंत ना तिनं काय केलं ते?"

"बघितलं."

"मग?"

बाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली.

मी शेजारच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. पोरी संध्याकाळचं खायला गेल्या होत्या. मिरजेच्या मैदानावर आम्ही तिघीच उरलो होतो. त्या दोघींच्या मधे तोंड घालायची माझी टाप नव्हती. तेव्हाही नव्हती, आजही नाही.

पद्मजा आवटी आमची नवी कोच. खेळायची तेव्हा राज्याच्या संघाची कॅप्टन होती. तिनं फ्लिक मारायला, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढून गोलावर फेकायला, स्टिक खाली नेली की समोरची गोलकीपर देवाचं नाव घ्यायची. एस्तेर लोंढेबाई आम्हा दोघींच्या गुरू. शाळेत पीटी शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर हॉकी. आता सत्तरी ओलांडली, एक गुडघा बदललाय, पण मॅच असली की कुंपणापाशी हजर. आणि मी सरोज, संघाची मॅनेजर. खेळायचे तेव्हा पद्मजाच्या जागेवर राखीव होते. म्हणजे कायमचीच राखीव, कारण ही बया कधी बाहेर यायचीच नाही.

दिवाळीनंतर पद्मजानं संघ हातात घेतला आणि जुन्या सगळ्या खेळाडूंना घरी बसवलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी आणल्या. गावात लोक हसले. हॉकीचा संघ आहे की पाळणाघर, म्हणाले. समितीवाल्यांनी तोंडावर सांगितलं, या स्पर्धेपर्यंत बघू. जिंकलात तर पोरी तुमच्या. हरलात तर तुम्ही घरी, पोरी घरी, आणि जुना संघ परत.

आणि हे पाळणाघर चक्क फायनलला पोचलं होतं. उद्या फायनल.

पण काल सेमीफायनलला जीव गेला होता आमचा. कशाबशा जिंकलो. पेनल्टी कॉर्नरवर गोल खाल्ले, आणि ते खाल्ले सुहानामुळं.

कॉर्नर म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या रेषेवरून एकजण चेंडू बाहेर ढकलते. गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे डीच्या, टोकाला दुसरी तो अडवते आणि तिसरी गोलावर मारते. त्या मारणारीच्या अंगावर गोलातून जी सर्वांत आधी धावत जाते ती पहिली रनर. तोंडावर मास्क, गुडघ्याला पॅड, आणि काम एकच. चेंडूच्या वाटेत जायचं.

काल सुहाना धावली आणि ऐन वेळी वाटेतून बाजूला झाली. एकदा नाही, दोनदा.

"मी तिला उद्या बसवणार," पद्मजा म्हणाली. "जुन्या संघातल्या सारिकाला बोलावून घेते. बत्तीस वर्षांची आहे, पण अंगावर चेंडू घ्यायला मागंपुढं बघत नाही. सातपर्यंत नावं द्यायचीत."

"मग दे की."

"तुम्ही हो म्हणा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही बदलत."

"अस्सं. म्हणजे संघ मी निवडायचा, आणि कोच तू."

मला हसू आलं होतं. ते मी बाटलीच्या झाकणाआड दाबलं.

पद्मजाचा चेहरा लाल झाला. "मस्करी नका करू, बाई! माझं सगळं पणाला लागलंय उद्या. एकट्या माझंच नाही, अठरा घरच्या पोरींचं लागलंय. सुहानाला घरून एवढ्या स्पर्धेपुरतं सोडलंय. उद्या मी तिला बसवली तर ती पुन्हा मैदानावर येणार नाही, हे मला कळत नाही का? आणि खेळवली आणि तिनं परत वाट सोडली, तर सगळ्याच जणी घरी जाणार. सांगा, काय करू?"

"तू काय केलंस आजपर्यंत? भीती काढायला?"

"रोज मारते तिच्यावर. स्वतः. पूर्ण जोरानं. मांडीवर लागला, रडली, तरी उठवली. सवय व्हायला पाहिजे म्हणून."

"झाली?"

पद्मजानं मान हलवली, नाही.

"आणि मॅचमध्ये?"

"मॅचमध्ये मी रेषेवर उभी असते. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. एक क्षण नजर हलवत नाही त्यांच्यावरून. घसा बसेपर्यंत ओरडते." ती थांबली. मग ते निघालंच तोंडातून. "मी काही ऐन कॉर्नरला चहा प्यायला जात नाही."

झालं. इतक्या वर्षांनी बाहेर पडलं एकदाचं.

ती गोष्टही सांगायलाच हवी. पद्मजा सतरा वर्षांची होती. सांगलीत फायनल होती, बरोबरी होती, वेळ संपत आलेली, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. बाईंनी तो पद्मजाला मारायला सांगून ठेवलेला. मोठ्या मॅचमधला तिचा पहिला कॉर्नर. तिनं मारायच्या आधी आमच्या बाकाकडे पाहिलं, आणि बाकावर बाई नव्हत्या. मी होते. मी काय कपाळ सांगणार तिला? मी नुसते खांदे उडवले. तिनं मान फिरवली आणि असा काही मारला की गोलाची फळी वाजली.

आम्ही नाचत होतो तेव्हा बाई टपरीकडून सावकाश आल्या. हातात चहाचा ग्लास, तसाच भरलेला, वर साय धरलेली. "काय झालं?" म्हणून त्यांनी विचारलं.

पद्मजा त्या रात्री जेवली नाही. फायनल जिंकून देणारी पोरगी कोपऱ्यात बसून रडली. "माझा पहिला कॉर्नर बाईंनी बघितलाच नाही." त्यानंतर ती खूप खेळली, गाजली, पण हा काटा काही निघाला नव्हता. मला तो ठाऊक होता. बाईंनाही ठाऊक असणार.

"हो," बाई म्हणाल्या. "गेले होते."

एवढंच. ना माफी, ना सबब.

मग त्या उठल्या. किटच्या पोत्यात हात घालून त्यांनी सुहानाचा मास्क काढला. तोंडाला लावून पाहिला आणि परत ठेवला.

"चष्म्यावर बसत नाही मेला. आणि चष्मा काढला तर मला चेंडू दिसत नाही."

"बाई... कुठं निघालात?"

बाई गोलाकडे निघाल्या होत्या. एका पायावर जास्त भार देत, हातात कुणाची तरी स्टिक घेऊन. गोलात जाऊन त्यांनी एक बूट रेषेवर टेकवला.

"सरोज, चेंडू घे. मागच्या रेषेवरून ढकल. पद्मे, तू डीच्या टोकाला जा. अडव आणि मार."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"रोज मारतेस ना पोरींवर? पूर्ण जोरानं? तसाच मार."

"त्या सोळा वर्षांच्या आहेत!"

"म्हणून चालतं?"

पद्मजानं माझ्याकडे पाहिलं. मी चेंडूकडे पाहिलं. ज्यांनी तो चेंडू पाहिला नाही त्यांना तो खेळणं वाटतो. हनुवटीवर बसला तर जबडा जातो. आणि समोर आमची बाई, तोंड उघडं, गुडघ्यात लोखंड.

"उत्तर पाहिजे ना तुला?" बाई ओरडल्या. शाळेच्या ग्राउंडवर ओरडायच्या तशाच. "मग मार!"

मी ढकलला.

चेंडू पद्मजाच्या स्टिकपाशी गेला. तिनं अडवलाच नाही. तो तिच्या बाजूनं सरळ निघून गेला.

"सरोज, दुसरा घे."

"बाई, पुरे की आता," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पुरे म्हटलं.

"दुसरा."

मी दुसरा ढकलला.

या वेळी पद्मजानं अडवला. खाली वाकली, स्टिक चेंडूमागं नेली. बाई निघाल्या होत्या. धावणं कसलं ते, पाय ओढत येत होत्या, पण सरळ. तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. पद्मजानं चेंडू ओढला आणि सोडला...

मी डोळे मिटले होते. खाडकन आवाज आला.

उघडले तेव्हा बाई पद्मजाच्या पुढ्यात उभ्या होत्या. चष्मा जागेवर होता. चेंडू गोलाच्या कितीतरी बाहेर, जाहिरातीच्या पत्र्याखाली पडला होता.

पद्मजा आवटीचा फ्लिक गोलाच्या बाहेर! मी तिला एवढी वर्षं ओळखते, सरावातही असा गेलेला आठवत नाही.

"लागला असता म्हणजे?" ती किंचाळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "लागला असता तर मी काय केलं असतं? तुम्हाला काही वाटतं की नाही माझं?"

बाईंना धाप लागली होती. त्यांनी स्टिकवर भार टाकला.

"कुठं बघत होतीस?"

"काय?"

"मारताना. कुठं बघत होतीस?"

"तुमच्याकडं! आणखी कुठं बघणार?"

"चेंडू खाली होता."

पद्मजानं खाली, स्टिककडे पाहिलं.

"काल सुहाना कुठं बघत होती?"

मला एकदम आठवलं. मी तिथंच तर होते, बाकावर. समोरच्या संघानं चेंडू ढकलला, सुहाना रेषेवरून निघाली, आणि तिचा मास्क आमच्याकडे वळला. क्षणभरच. मला वाटलं पाणी मागतेय की काय ही बावळट. रेषेवर पद्मजा हात उंचावून ओरडत होती, जा, जा, जा. दुसऱ्या कॉर्नरलाही मास्क वळला होता. मी दोन्ही वेळा पाहिलं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

"माझ्याकडं," पद्मजा म्हणाली. आवाज जेमतेम मला ऐकू आला.

बाई वळल्या आणि बाकाकडे चालू लागल्या. पद्मजा मागून लगबगीनं गेली.

"मग, बाई... खेळवू ना तिला?"

बाई बाकावर बसल्या आणि आमच्याकडे पाठ करून गुडघा चोळू लागल्या. जणू कुणी काही विचारलंच नव्हतं.

पद्मजा उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी पण राहिले. मग पद्मजाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं बाईंच्या पाठीवरची नजर काढून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"सरोज, नावं आहेत तीच दे."

"आणि पहिली रनर?"

"सुहाना."

"सारिकाला काय सांगू?"

"काही नको सांगू. तिला बोलावलंच नव्हतं."

हे बोलताना तिनं बाईंकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिच्या तोंडाकडे नीट बघत होते, म्हणून सांगते.

मी बाटल्यांची पिशवी उचलली. सातला थोडाच वेळ होता. पण पाय निघेना. पद्मजा खाली मैदानावरच बसली होती, बाईंच्या पायांपाशी, शाळेत असताना बसायची तशी.

"पण उद्या कॉर्नर पडला," ती म्हणाली, "तर मी काय करू, बाई? रेषेवर राहिले तर ती माझ्याकडं बघणार. ती निघाली की मला ओरडल्यावाचून राहवायचं नाही. नुसतं गप्प उभं राहणं मला नाही जमणार. मला ते मुळीच जमणार नाही."

बाईंनी पाय हळूच लांब केला. कुंपणापलीकडं टपरीवाला स्टोव्ह पेटवत होता. त्या तिकडं बघत राहिल्या.

"मला तरी कुठं जमत होतं..."

मग त्यांनी पद्मजाच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या कॉर्नर पडला की टपरीवर ये. एकटीला तो चहा जात नाही."