तेज नावाचा साबण

"म्हणजे माझ्यात अजून कमी काय आहे, तेवढं तरी सांगा."

"दूध," केरूनाना म्हणाले.

"...दूध?"

"चहाला दूध नाही. खाली दुकान आहे. पाव, लोणी पण आणा."

केरूनाना गडहिंग्लजकडचे कीर्तनकार. बुडापेस्टमधल्या मराठी मंडळींनी तीन कीर्तनांसाठी त्यांना बोलावलं होतं. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक रिसबूड त्यांच्या मागोमाग स्वतःहून आले होते. त्यांना नानांचा अनुग्रह हवा होता. चार वर्षं मागत होते, आणि उद्या परतीचं विमान होतं.

नाना चार वर्षं टाळत होते. माणसाला असं झुलवत ठेवणं, याला आपल्याकडे परीक्षा बघणं म्हणतात.

रिसबूडांनी चौतीस वर्षं शिकवलं. म्हणजे ते बोलले. मधेच प्रश्न विचारणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे, आणि उरलेले गप्प बसले की त्याला शिस्त म्हणायचे.

अर्ध्या तासानं ते नुसता पाव घेऊन आले.

"या देशात दूध विकत नाहीत."

"असं?"

"सगळं दुकान पाहिलं. जिकडेतिकडे खोकी, आणि खोक्यांवर 'तेज'. टी, ई, जे. तिज् धातू. धार लावणं, चकाकी आणणं. भांड्यांचा साबण आहे तो."

"कुठं ठेवलाय?"

"फ्रीजमध्ये."

"साबण? फ्रीजमध्ये?"

"परदेश आहे, नाना."

"बरं. खोक्यावर चित्र कसलं?"

"गाईचं." रिसबूड जरा अडखळले. "शुभ्रतेचं प्रतीक म्हणून."

नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"दुकानात माणूस कोण होतं का?"

"एक बाई होती."

"तिला विचारलंत?"

"...मी विचारायचं?"

नानांनी मफलर गुंडाळला आणि जिना उतरायला लागले.

गल्ल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई बसली होती. रिसबूड मागून पुटपुटले, "मिल्क म्हणा, मिल्क." बाईपर्यंत ते पोचलंच नाही.

नानांनी दोन्ही कानांच्या वर एकेक बोट उभं केलं. मान खाली घातली. आणि कीर्तनात कमावलेल्या आवाजात हंबरले.

दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. मग तीही हंबरली. उठून फ्रीजमधलं एक खोकं काढलं, नानांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तेय."

नानांनी ते रिसबूडांकडे दिलं. "धरा तुमचा साबण."

खोक्यावर लिहिलं होतं, टी, ई, जे.

रिसबूड कानापर्यंत लाल झाले. "नाना, लोक हसतायत हो."

"हसू द्यात. आता लोणी. तुम्ही मागा."

"अहो, मी संस्कृतचा—"

"मला काय सांगता? तिला सांगा."

रिसबूडांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खोकं खाली ठेवलं, दोन्ही मुठींत नसलेली दोरी धरली आणि ताक घुसळायला लागले. एक हात पुढं, एक हात मागं. टकलावर घाम आला, तरी घुसळत होते.

बाईनं नीट बघितलं. मान डोलावली. आत गेली आणि अंग पुसायचा टॉवेल घेऊन आली.

रिसबूडांनी टॉवेलकडे पाहिलं. आपल्या मुठींकडे पाहिलं...

आणि फिस्सकन हसले. मग पोट धरून हसले. त्या वर्गांतल्या एकाही पोरानं त्यांना असं हसताना पाहिलं नसेल. बाईनं त्यांची बाही धरून त्यांना फ्रीजपाशी नेलं आणि एकेक वस्तू काढून दाखवायला लागली. चीज? नाही. दही? नाही. लोणी हाती आलं तेव्हा दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

टॉवेलही घेतला त्यांनी.

जिन्यात रिसबूड थांबले. टॉवेल खांद्यावर, दूध काखेत.

"नाना, उद्या विमान आहे. अनुग्रहाचं..."

नानांनी लोण्याची पिशवी पायरीवर ठेवली. हात मागं बांधले.

"मला मराठी येत नाही असं समजा," ते म्हणाले. "आता मागा."