न उच्चारलेला ‘पण’

फार फार वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे येऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, त्या गावात पाणी होतं, नाचणी होती, गुरंढोरं होती. मीठ तेवढं नव्हतं. ते समुद्राकाठी. म्हणून गावातले पुरुष बैलांच्या पाठीवर रिकाम्या गोण्या टाकून घाट उतरत, आणि भरलेल्या गोण्या घेऊन पुन्हा चढून येत.

घाट अवघड होता. दरीत धुकं उतरलं की हातातला कासरा दिसे, बैल दिसत नसे. त्या भीतीपोटी गावाने एक रीत धरली होती. ज्या घरचा माणूस वाटेला लागला आहे, त्या घराने तो परतेपर्यंत ‘पण’ हा शब्द उच्चारायचा नाही. त्या माणसाविषयी बोलताना इतरांनीही नाही. शब्द उच्चारला, की तोच वाटेत आडवा उभा राहतो, असं लोक मानत. अशा घरातली बाई म्हणायची, “भाकरी झाली. कालवण नाही.” मधली जागा ती मोकळी सोडायची. ऐकणारा समजून घ्यायचा.

गावाच्या देवळात एक म्हातारा गुरव होता. दुपारची झाडलोट झाली की तो मुलांना अंगणात जमवी आणि गोष्ट कशी रचायची ते शिकवी. त्याची शिकवण पायांची होती. काटकीने तो मातीत ओळीने चार मोठी रिंगणं काढी.

“हे पहिलं रिंगण घराचं,” तो म्हणे. “इथं कुणीतरी राहतं आणि त्याला काहीतरी कमी आहे. दुसरं वाटेचं. ते शोधायला तो निघतो. तिसरं ‘पण’चं. इथं काहीतरी आडवं येतं. चौथं परतीचं. तो घरी येतो, आणि येतो तेव्हा पहिल्यासारखा नसतो.”

ज्याची पाळी असेल त्याने रिंगणा-रिंगणातून चालत गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी ‘हं’ म्हणत ऐकायचं. ‘हं’ आल्याशिवाय पाय पुढच्या रिंगणात टाकायचा नाही.

गेनू नावाचा मुलगा तिसऱ्या रिंगणातून बाहेरच यायचा नाही. “पण तिथं राक्षस आला! पण राक्षसाचा भाऊ आला! पण भावाची सासू आली!”

“अरे, त्या राजपुत्राला घोटभर पाणी तरी पिऊ दे,” गुरव हसून म्हणे.

“मेला की तो, बाबा!”

“मग परत कोण येणार? त्याची सासू?”

मुलं लोळून हसत. हसत नसे ती साळू.

साळूचे वडील भिवा मिठाच्या तांड्याबरोबर घाट उतरले होते. तांडा परत आला होता. भिवा आला नव्हता. चढणीवर त्याचा एक बैल सुटला, बैलामागे तो धुक्यात शिरला. तांड्याच्या नाईकाने पुष्कळ हाका मारल्या, वाट पाहिली, आणि तो आडवाटेने पुढे गेला असेल अशी मनाची समजूत घालून तांडा गावाकडे हाकला. गावात पाहतो तर भिवा नाही. साळूची आई दारात उभी. नाईक तिच्याकडे न बघता म्हणाला, “मागून येतोय, वहिनी.”

त्या दिवसापासून सगळं गाव तिला तेच सांगत होतं. शेजारीण म्हणे, “येतील गं.” न्हावी म्हणे, “आलाच बघ.” कुणाच्या मनात पाप नव्हतं. माया होती म्हणूनच सगळे बोलत होते, आणि सगळे एकाच शब्दापाशी थांबत होते. आई रोज एक भाकरी जास्त थापत होती. एवढं होऊनही घाटाकडे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. जो येतोच आहे, त्याला शोधायला कोण जाणार?

एका दुपारी साळूची पाळी आली. देवळाच्या ओट्यावर नाईक टेकला होता. हल्ली तो रोज तिथे येऊन बसे.

साळू पहिल्या रिंगणात उभी राहिली. “एक गाव होतं. तिथं एका मुलीचे बा राहत होते. घरातलं मीठ संपलं.”

“हं,” मुलं म्हणाली.

ती दुसऱ्या रिंगणात गेली. “बा मीठ आणायला निघाले. घाट उतरले. गोण्या भरल्या.”

“हं.”

साळूने तिसऱ्या रिंगणाकडे पाहिलं. मग परकर सावरला, उडी मारली आणि थेट चौथ्यात जाऊन उभी राहिली. “आणि परत आले.”

गेनूने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. साळूने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

“हं म्हणा ना!”

कुणालाच म्हणता येईना. शेवटी तिने गुरवाकडे पाहिलं. गुरवाचे डोळे भरले होते.

“मला ‘हं’ म्हणता येत नाही, बाळ,” तो हळू आवाजात म्हणाला. “गोष्ट तुझी आहे. तुला सांगायची नसेल तर राहू दे. कुणी काही म्हणणार नाही.”

साळूने परतीच्या रिंगणात स्वतःभोवती पाहिलं. तिथे ती एकटीच होती. मग ती मागे वळली, तिसऱ्या रिंगणात आली, आणि म्हणाली, “सगळे परत आले, पण माझे बा आले नाहीत.”

नेमकी त्याच वेळी आई तिला न्यायला आली होती. ती धावत आली आणि तिने साळूच्या तोंडावर हात ठेवला. “गप! काय बोललीस तू हे? त्यांच्या वाटेत धोंडा घातलास गं!”

साळूने तो हात दोन्ही हातांनी बाजूला केला. “आई, इतके दिवस मी बोलले नाही. मग बा का आले नाहीत?”

आई तिथेच मातीत खाली बसली, आणि तांडा आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. साळू तिच्या मांडीत शिरली.

गुरव म्हणाला, “मुलांनो, आता सांगा. ‘पण’ म्हणजे अडथळा. या शब्दाचा दुसरा अर्थ काय?”

गेनू चाचरत म्हणाला, “राजकन्येच्या स्वयंवरात राजा पण लावतो, तो? शब्द देणं?”

“तोच. वाटेतल्या ‘पण’समोर कुणीतरी मनातला पण करतो, तेव्हा चौथं रिंगण दिसायला लागतं. नुसता वाटेतला ‘पण’च घेऊन बसलं तर गेनूच्या राजपुत्रासारखी गत होते.”

ओट्यावरचा नाईक उठला. तो साळूसमोर आला. “पोरी, मी तुझ्या आईला खोटं सांगितलं. मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. आज मी पण करतो. तुझ्या बापाला घेऊन येईपर्यंत या गावचं मीठ मला वर्ज्य.”

“मलाही,” देवळासमोरच्या चौकातून न्हावी म्हणाला. एकेक करत चौकातले गडी अंगणात आले.

उजाडताच ते घाटाला लागले. ओढे शोधले, कडे शोधले, हाका घातल्या. अखेर एका धनगराच्या झोपडीतून हाकेला ओ आली. भिवा आत पडून होता. घसरून त्याचा पाय मोडला होता. धनगरीण त्याला आंबील पाजत होती. तिचा म्हातारा थकलेला, त्याच्याने इतका चढ चढून निरोप पोचवणं होत नव्हतं.

नाईकाला पाहून भिवा म्हणाला, “आलात? मला वाटलं, गावाला मीठ पुरलं.”

नाईकाने त्याचे पाय धरले. घोंगडीची झोळी करून त्यांनी भिवाला वर आणलं. साळू वेशीपासून घरापर्यंत झोळीचा काठ धरून चालली.

वैद्याने पाय चाचपला आणि मान हलवली. “हाड जुळलंय. वाकडं जुळलंय. लवकर आणला असता तर सरळ बसवला असता.”

भिवा जगला, पुन्हा कधी घाट मात्र उतरू शकला नाही. गावाने ती रीत मोडली. तेव्हापासून तांडा परतला की नाईक वेशीतच थांबे, जो आला नसेल त्याचं नाव मोठ्याने घेई, आणि बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरण्याआधी माणसं मागे फिरत.

एवढीच ही हकिकत. ऐकणाऱ्याच्या घरी सगळे सुखरूप असोत.

तात्पर्य: आपल्या माणसाचं दुःख मायेपोटीही झाकू नये, कारण ते उघड बोललं गेलं तरच मदतीची पावलं उठतात.