गवताचा पहिलवान

फार फार वर्षांपूर्वी, राज्ये लहान आणि त्यांच्यामधली जंगले मोठी होती त्या काळी, आठ राज्यांच्या सीमा नदीकाठच्या एका कुरणाला येऊन टेकत. कुरण कोणाचे, यावरून पुष्कळ माणसे मेली होती. शेवटी शहाण्यांनी तोड काढली. दर तीन वर्षांनी प्रत्येक राज्याने आपला एक मुष्टियोद्धा पाठवावा. दोघादोघांनी उभ्याने, मुठींनी लढावे. पावलांखेरीज ज्याचे काहीही मातीला लागेल, तो स्पर्धेतून बाद. आठांचे चार, चारांचे दोन, दोघांचा एक. त्या एकाच्या राज्याला पुढची तीन वर्षे कुरण. वाटणी मध्येच बदलायची नाही.

डोंगरातल्या राज्याला कुरणाची गरज सर्वांत जास्त होती. त्यांच्याकडे मेंढ्याच मेंढ्या, आणि उन्हाळ्यात डोंगरावर गवताची काडी उरत नसे. कुरण नसले की कळप घेऊन दक्षिणेला अठरा दिवस चालावे लागे. वाटेत कोकरे मरत.

मागच्या स्पर्धेत त्यांचा योद्धा अंतिम लढतीपर्यंत पोहोचला होता. तिथे सपाटीच्या राज्याच्या एका डावखुऱ्या, धिप्पाड गड्याने त्याला एकाच ठोशात आडवे केले.

घरी परतल्यावर डोंगरच्या योद्ध्याने गवताचा पुतळा बांधला. उंची त्या धिप्पाडाइतकीच, साडेचार हात. डावा हात पुढे काढलेला. त्याच्या हनुवटीवर तो रोज सकाळ-संध्याकाळ ठोसे मारू लागला.

त्याची आत्या मेंढ्या राखत असे. ती एकदा कुंपणाशी थांबली.

"काय रे, स्पर्धेत किती जण येणार?"

"मी धरून आठ."

"म्हणजे सात उरले. मग या एकालाच का बडवतोस?"

"बाकीचे सहा वाटेतले खडे आहेत, आत्या."

"ठेच खड्यालाच लागते, पोरा. डोंगराला ठेचकाळलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

तो हसला आणि पुन्हा पुतळ्याकडे वळला. तीन वर्षांत चार पुतळे फाटले. त्याची नजर वरच राहू लागली. जेवायला बसला तरी उजवी मूठ गालाशी जाई, कारण डावखुऱ्याचा ठोसा त्या बाजूने येतो.

स्पर्धेच्या दिवशी पंचांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या. पहिल्या लढतीत त्याच्यासमोर खाडीकाठच्या राज्याचा एक नावाडी आला. उंची जेमतेम साडेतीन हात.

"याला तर मी काखेत मारून नेईन," डोंगरचा योद्धा म्हणाला.

"न्या की," नावाडी म्हणाला. "आधी सापडू द्या."

लढत सुरू झाली. योद्ध्याचा पहिला ठोसा नावाड्याच्या डोक्यावरून गेला. दुसराही गेला. ठोसे जोरदार होते, आणि साडेचार हातांच्या माणसाला अचूक लागले असते. त्याच्या मुठी वर, बरगड्या उघड्या. नावाड्याने तिथे तीन ठोसे मारले. तिसऱ्याला योद्ध्याचा गुडघा मातीला टेकला.

हरलेल्यांसाठी एका बाजूला घोंगडी अंथरलेली असे. तिथे ताक मिळे. तो जाऊन बसला. थोड्या वेळाने कोणीतरी शेजारी येऊन बसले. त्याने वळून पाहिले, तर तोच डावखुरा धिप्पाड. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ.

"तू? इथे?"

"पहिल्याच फेरीत," धिप्पाड म्हणाला. "लेकाचा माझ्याएवढाच उंच निघाला. मी वाकून उभा, त्याने वरून हाणला."

"वाकून कशाला उभा राहिलास?"

धिप्पाडाने ताकाचा घोट घेतला. "सवय. तीन वर्षं वाकूनच सराव केला. वस्तादांनी गवताचा एक पुतळा करून दिला होता. बरोब्बर तुझ्या उंचीचा."

डोंगरच्या योद्ध्याने आपले ताक खाली ठेवले.

"माझा साडेचार हातांचा होता," तो म्हणाला.

"कान केले होतेस?"

"दोन्ही."

"मी तुझं नाकही केलं होतं," धिप्पाड म्हणाला आणि त्याने ताक संपवले.

स्पर्धा नावाड्याने जिंकली. त्याच्या राज्यात मेंढ्या नव्हत्या, बदके होती. कुरणातले गवत छातीपर्यंत वाढले आणि उभ्या उभ्या वाळून गेले. डोंगरची माणसे त्याच्या कडेने कळप घेऊन दक्षिणेला निघाली. त्या उन्हाळ्यात एकट्या आत्याच्या कळपातली एकेचाळीस कोकरे वाटेत राहिली.

तात्पर्य : शेवटच्या शत्रूवरच नजर खिळवून बसणाऱ्याला पहिलाच पाडतो.