माहेरचं ईडलिंबू

आंबेदऱ्याच्या वेशीवरच्या ईडलिंबाला धड असं एक पान नाही. सगळी अळ्यांनी कुरतडलेली. पाहुणे हटकून विचारतात, औषध का मारत नाही? मग गावातले धोंडूतात्या त्यांना झाडाखाली बसवतात, "अळ्यांना हात नाय लावायचा, हां," असा दम भरतात आणि भिवराची गोष्ट सांगतात.

भिवरा म्हणे याच गावची विधवा. पदरी एकच लेक, सावू. पोरीला या झाडाचं वेड. पाखराच्या शिटेसारख्या बारक्या अळ्या पुढे पानाहून हिरव्या कशा होतात, डिवचल्या की डोक्यातून तांबडी शिंगं कशी काढतात, हे ती तासन्‌तास बघायची. भिवरा अळ्या झटकायची, सावू वेचून परत पानावर ठेवायची. म्हणायची, "आये, घर हाय त्येंचं."

सावू सासरी गेली, गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आणायला मुराळी जायला हवा. भिवराच्या घरात पुरुष नाही, भाऊबंद भातकापणीत. आज जातो, उद्या जातो, असं चाललं. शेवटी दिवस भरत आलेली सावू एकटीच घाट उतरून आली आणि या झाडाखाली टेकली.

भिवरा धावली. जवळ घ्यायला तिचे हात पुढे झालेही होते, असं सांगतात. पण पाणवठ्यावरच्या बाया बघत होत्या, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"बोलावल्याबिगर आलीस? लोकं म्हनतील, पोर नांदत न्हाई. जा माघारी. मुराळी धाडते."

सावू पोट सावरत उठली आणि परत चढू लागली. घाटातच तिला कळा आल्या. बाळ-बाळंतीण दोघंही गेली.

भिवरा झाडाखाली येऊन बसली ती उठेना. एका सकाळी शेपटीचं काळं फुलपाखरू आलं. रानभर फुलं होती, मध कुठंही मिळाला असता. पण अंडी घालायला ते इथंच आलं, जिथं वाढलं त्याच झाडावर. पोट वाकवून कोवळ्या पानांना एकेक अंडं चिकटवत राहिलं.

"हिला कुनी बोलावलं गं?" म्हणत भिवराने ऊर बडवून घेतला. चार बायांत लाज राखली आणि लेक घालवली!

आजही आंबेदऱ्यात लेकीसाठी मुराळी जात नाही. तिला वाटेल तेव्हा ती येते, याच झाडाखाली टेकते. का आलीस, असं कुणी विचारत नाही. जी बाई आधी बघेल, ती सख्खी असो की परकी, तिला पोटाशी धरते आणि म्हणते, "आलीस? बरं केलंस, बाय."

भिवराला म्हणायचं होतं ते एवढंच.