ठकूने पेठ वाढवली

"आठ दिवसांत धान्यपेठ वाढली पाहिजे!" धैर्यसिंह राजांनी फर्मावले. "नाहीतर ठकूची पाणचक्की जप्त!"

शेजारच्या संस्थानात राजे वीस चक्क्या पाहून आले होते. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हते. आपल्या शहरात चक्की एकच, ओढ्यावरची. ती ठकू चालवायची. पेठ का वाढत नाही, असे राजांनी विचारताच व्यापाऱ्यांनी हात झटकून तिच्याकडे बोट दाखवले.

"महाराज, दळायला धान्य तर आलं पायजे!" ठकू म्हणाली. "वेशीवरच्या नाक्यावर दर गाडीमागं पायलीभर ज्वारी काढून घेत्यात. गाड्या शेजारी वळत्यात. तेवढी जकात..."

"जकातीचं नाव काढायचं नाही! पेठ वाढव!"

चक्की ठकूच्या आज्याने बांधलेली होती. पण ती "बरं" म्हणाली आणि दळायला गेली.

आठव्या दिवशी सकाळी तिने दवंडीवाल्याकडून हुकूम पुकारून घेतला. शब्द राजांचेच. "पेठ वाढवा हो!" व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, सुस्कारा सोडला आणि दुकानांना फळ्या लावल्या.

दुपारी राजे कारभाऱ्याला घेऊन घोड्यावरून आले. पेठेत चिटपाखरू नव्हते. चक्कीही गप्प.

"हे काय?"

"पेठ वाढवली, महाराज."

"ही तर बंद आहे!"

"अगंबाई! पेठेला 'बंद' असं अभद्र बोलू नये. राणीसाहेबांची बांगडी फुटली तर काय म्हणत्यात?"

"बांगडी वाढली म्हणतात."

"आन् वाणी दुकानाला फळ्या लावून घरी निघाला की?"

राजांनी कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने आभाळाकडे पाहिले.

"दुकान वाढवलं म्हणतो," राजे पुटपुटले. मग एकदम ओरडले, "मला तसली वाढ नको! गाड्या हव्यात, पोती हवीत, वीस चक्क्या हव्यात!"

"तशीबी वाढंल. पण आधी दुसरं कायतरी वाढवावं लागंल. ते महाराजांच्याच हातात हाय."

"सांग! वाटेल ते वाढवतो!"

कारभारी जोरात खोकला. पण उशीर झाला होता.

"वेशीवरचा जकातनाका वाढवा, महाराज!"

राजे तिच्याकडे बघतच राहिले. मग असे खदाखदा हसले की घोडा बिचकला.

"वाढवला!" ते डोळे पुसत म्हणाले. "कारभारी, आजच्या आज नाका वाढवा! आणि ओढ्यावर हिला दुसरी चक्की बांधून द्या, सरकारी खर्चाने!"