तांब्यावरचा वळ

पॅरिसमध्ये अंब्रोआज नावाचा एक कोरीवकाम करणारा होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर ते सुलट छापून येतं, हा त्याचा धंदा. तिथल्या एका उमरावाची बायको गेली, तापाने म्हणे. उमरावाने स्वतः तिला गळाबंद झगा चढवला, कुणालाही जवळ न येऊ देता पेटी बंद केली आणि तिच्या तरुणपणीच्या तसबिरीवरून छापचित्र करायला अंब्रोआजला सांगितलं.

चित्र झालं, पण गळ्यावर एक चरा उठला. अंब्रोआजने तो घासून नाहीसा केला. सकाळी बघतो तर चरा परत तिथेच, आणि आदल्या दिवसापेक्षा खोल! पत्र्याला हात लावायचीही त्याला भीती वाटू लागली.

उमराव मेलेल्या बायकोच्या भावाला घेऊन चित्र बघायला आला आणि गरजला, "हे पुसून टाक, नाहीतर बोटं छाटीन!"

अंब्रोआजने पत्रा पुढे धरला. "सरकार, बाईसाहेबांच्या गळ्यावरचा हा डावीकडचा वळ माझ्याच्याने पुसवत नाही."

कारागिराची चूक काढल्याशिवाय उमरावाला अन्न गोड लागत नसे. "डावीकडचा? गाढवा, उजवीकडे होता तो!"

अंब्रोआजने छापलेला कागद उलगडला. "कागदावर उजवीकडेच आहे, सरकार. पण तापाने गळ्यावर वळ उठतो, हे मला आजच कळलं."

भावाने आतून दाराला कडी घातली. अंब्रोआजने पत्र्याकडे पाहिलं. गळा अगदी स्वच्छ होता.