कुंदकळीएवढा दात

कुंदाच्या बागेशेजारी एक इवलीशी झोपडी होती. तिथे यमू, तिची आई आणि तान्हा दामू राहायचे. आई देवळासाठी हार ओवायची, त्यावरच घर चालायचं. पण आज सुई हातातच थबकली होती. दात येत असल्यानं सकाळपासून दामू रडत होता. गाल लालेलाल, लाळेनं झबलं ओलंचिंब, आणि दुधाला तोंड म्हणून लावत नव्हता.

"सटवाई माते, लेकराच्या पोटात घोटभर दूध जाऊ दे गं. तुझी ओटी भरीन," आई पुटपुटली. "यमे, तेवढी फुलं तरी आण."

यमू परडी घेऊन धावली. मुठीत तिचाच पडलेला दुधाचा दात होता. तो उंदीरमामासाठी कौलांवर टाकला, की नवा मिळणार होता. मुलं तिला 'खिंडारबाई' म्हणून चिडवायची ना!

झुडपात काहीतरी लुकलुकलं. कळीएवढी चिमुकली, चंदेरी पंखांची परी!

"तो दात मला दे, मी नवा देईन. पण एकच हं, आणि ज्याचं नाव घेशील त्यालाच."

यमूची जीभ पडलेल्या दाताच्या खिंडीत गेली. झोपडीतून रडणं ऐकू येत होतं.

"दामूला दे," मुठीतला दात परीला देत ती म्हणाली. "आणि त्याचं दुखणंही घालव ना!"

"ते माझ्या हातात नाही, राणी. तुझ्या आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून पीळ आणि त्याला चघळू दे. दात येईपर्यंत त्याच्यापासून हलायचं नाही, ही अट."

यमूनं फुलं तोडून आईला दिली, तिच्याकडून पाणी उकळून घेतलं, हात धुतले आणि दामूला मांडीवर घेतलं. तो फडकं चावायचा, गप्प व्हायचा, पुन्हा कळवळायचा.

"येतेस का खेळायला, खिंडारबाई?" बाहेरून हाक आली.

"नाही रे बाबांनो!"

पायाला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. पण परीच दात द्यायला विसरली तर?

हार ओवून झाल्यावर आईनं चमच्यानं दूध पाजून पाहिलं.

टिण्!

"अगं बाई! यमे, चमचा वाजला! दात आला गं दात!"

दामू चुटूचुटू दूध पिऊ लागला. यमू खुदकन हसली. आई बघतच राहिली.

"आणि तुझ्या खिंडीतून ही कुठली कुंदकळी डोकावतेय?"

"तू मागितलास तो त्याचा," खिडकीत परी किणकिणली, "हा माझ्या मनाचा!" आणि सोनेरी उन्हात ती ऊनच होऊन गेली.

आईनं हात जोडले. यमूच्या घरी उजळलं तसं हसू दात येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घरी उजळो.